विहिरीतला घोडा

सासऱ्यांनी उभी हयात लाकडाला गोलाई देण्यात घालवली. फर्निचरच्या कारखान्यात ते कातारी होते. खुर्च्यांचे पाय, जिन्यांचे कठडे, पलंगांचे खांब, सगळं त्यांच्या हाताखालून गरगर फिरून बाहेर पडायचं. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी ते नको म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यात गंजत पडलेली लहान लेथ मागून घेतली. ती त्यांनी मागच्या गॅलरीत बसवली. ती सुरू झाली की खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या आणि सासरे म्हणायचे, "बाई जाग्या आहेत, बरं आहे."

त्या लेथवर ते बुद्धिबळाच्या सोंगट्या करायचे. सोंगट्या नेहमीसारख्याच, पण पट मात्र जगावेगळे. चौकोनी पटाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. त्यांनी एक सहा बाजूंचा पट केला होता, त्यात उंटाला इतक्या वाटा फुटायच्या की कुठून येतोय ते कळायचं नाही. एक जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होता. एक त्रिकोणी, तिघांनी खेळायचा. तो शेजारच्या दोघांबरोबर एकदाच खेळला गेला, कारण दोघांनी मिळून तिसऱ्याला घेरलं आणि पुढे कित्येक दिवस तो तिसरा जिन्यात भेटला तरी मान वळवून जायचा. असे सगळे फसलेले पट कपाटामागे उभे करून ठेवले होते.

फसला नव्हता तो एकच, गोल पट. जेवणाच्या टेबलाएवढा, पॉलिश केलेला, चार कड्यांचा, प्रत्येक कड्यात सोळा घरं. मधोमध एकच वाटोळं घर, त्याला ते विहीर म्हणायचे. विहिरीला आतल्या कड्यातली सगळी घरं लागून. जो विहिरीत उतरला त्याला पटाच्या कुठल्याही बाजूला बाहेर पडता यायचं, आणि तो विहिरीत असेपर्यंत त्याला कुणी मारायचं नाही, हा नियम.

"पाण्यावर भांडण नाही," सासरे म्हणायचे. "सगळ्या पटावर एक तरी जागा अशी हवी की जिथे दम खाता येईल."

सून या घरात आली तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली नेण्याची सोय पाहणारा तो माणूस घरी आला की एका खुर्चीत बसायचा तो जेवायलाच उठायचा. वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू नाही, कशाला नाही म्हणाला नाही. फक्त बोलायचा नाही. मूल झालं नाही, त्यावरही तो बोलला नाही, आणि मग तीही बोलली नाही.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. फ्रेमच्या मापाने काच घासून, कडेची धार मोडून, नेमकी खाचेत बसवायची, हे तिचं काम. दुपार कलता ती घरी यायची. सुरुवातीला सासरे गोल पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसलेले दिसायचे. एक दिवस त्यांनी समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"सूनबाई, चहा राहू दे. बस."

"मामंजी, मला साधं बुद्धिबळही येत नाही."

"बरंच आहे. विसरायला काही नाही मग."

ती बसली, ती बसतच गेली. पहिलं वर्ष ती नुसती हरत होती. मग कधी कधी जिंकायला लागली. पटाला कोपरे नव्हते, त्यामुळे कोपऱ्यात दडून बसायची सोय नव्हती. पुढून येणाऱ्यावर डोळा ठेवावा तर हत्ती गोल फेरा घालून पाठीमागून यायचा. पहिली खेळी मात्र कायम तिची. पटाचा मालक मी, तेव्हा सुरुवात तू करायची, असं त्यांचं म्हणणं. ते पूर्वीही कुणाशी खेळले की समोरच्यालाच सुरुवात करायला लावायचे. समोर माणूस असताना आपण होऊन पहिली खेळी त्यांनी कधी केलीच नाही.

खेळता खेळता बोलणं व्हायचं. सासूबाईंशी त्यांचं पटायचं नाही, हे तिला याच पटावर कळलं. कारखान्यात एकदा लेथमध्ये त्यांची बाही अडकली आणि शेजारच्याने वेळेवर मशीन बंद केली, नंतर तोच शेजारी कामावरून काढला गेला आणि त्याच्या बाजूने आपण एक शब्द बोललो नाही, हेही त्यांनी इथेच सांगितलं. ती दुकानातल्या गमती सांगायची. आणि मधूनच ते एखाद्या खेळीवर अडून विचारायचे, "तुला काय वाटतं?" हे त्या घरात तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनसाठी त्यांना दवाखान्यात ठेवलं. नवरा कामावरून परस्पर तिकडे जायचा. ती दुपारी घरी आली, तर पट मांडलेला आणि समोरची खुर्ची रिकामी. सवयीने ती बसली. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायला लागली.

कसं सुचलं ते तिला पुढेही सांगता आलं नसतं. आपला वजीर फुकट देऊन टाकावा, असं तिच्या मनात आलं. समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणूनच आलं; माणूस समोर असताना इतक्या लवकर वजीर कोण देतो? वजीर गेला तशी विहिरीकाठची जागा मोकळी झाली. तिचा घोडा विहिरीत उतरला. तिथे त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. मग हत्ती फेरा घालून पाठीमागून आला, आणि काळ्या राजाला हलायला घर उरलं नाही.

ती हसली. छान फजिती झाली, म्हणाली. पुन्हा मांडलं, या खेपेला काळ्याने वजीर घेतला नाही. तर त्याच वजिराने मात केली. तिने काळ्याची प्यादी आधी हलवून पाहिली, हत्ती आधी काढून पाहिला, राजा पळवून पाहिला. दुसऱ्या दिवशी काचा घासतानाही तिचं डोकं त्यातच होतं, एक काच जास्त घासली गेली आणि मालकाची बोलणी खावी लागली. सासरे डोळ्यावर पट्टी घेऊन घरी यायच्या आत तिची खात्री पटली. जो पहिली खेळी करेल तो जिंकणारच. समोरच्याने काहीही करो. सासऱ्यांचा गोल पट हा खेळच नव्हता.

ते घरी आले, पट्टी निघाली, हिरवा चष्मा लागला, आणि पहिल्याच दुपारी त्यांनी खुर्ची सरकवली. "चल. पहिली खेळी तुझी."

तिने प्यादं हलवलं. कडेचं, निरुपद्रवी.

सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. पहिल्यांदा तिने स्वतःला समजावलं की म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि ती स्वतःशी खोटं बोलण्यातली नव्हती. खेळ मोडला तर दुपार मोडणार होती. सासरे गॅलरीत जाऊन नवा पट घडवायला लागले असते, ती स्वयंपाकघरात गेली असती, आणि घरात नुसता लेथचा आवाज राहिला असता. म्हणून ती गप्प बसली. रोज पहिली खेळी करायची आणि रोज ती एक वाट सोडून द्यायची. कधी जिंकायची, कधी हरायची, दोन्ही प्रामाणिकपणे; फक्त त्या एका दाराकडे बघायचं नाही. अशी वर्षं गेली. हळूहळू तिला त्याचं काही वाटेनासंही झालं.

मोडता घातला तो नवऱ्याने, आणि तोही चांगल्या मनाने. सासऱ्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती. त्याने कुणाला न सांगता पटाचे फोटो काढले, खेळ बनवणाऱ्या एका कंपनीला पाठवले आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, त्या कंपनीची माणसं पट बघायला येणार आहेत. आवडला तर बाजारात आणतील."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मुलाने आपल्यासाठी काही केल्याची त्यांना सवय नव्हती. "माझा पट?" ते म्हणाले. "गोल?"

"दुसरा कुठला?"

भांडी घासताना सून नवऱ्याला म्हणाली, "कशाला बोलावलंत? त्यांना नाही आवडला तर?"

"नाही आवडला तर नाही. तुला काय त्रास आहे?" तो म्हणाला. आणि जरा थांबून, "त्यांचं काही चांगलं होतंय ते बघवत नाही का तुला?"

तिने दुसऱ्या दुपारी सासऱ्यांपाशी वेगळ्या वाटेने विषय काढला.

"मामंजी, विहिरीत घोड्याला बंदी केली तर?"

"घोड्याला? अगं, उडी मारणारा तो एकटा. बाकीचे काय दोर लावून उतरणार?"

"नाहीतर मग विहिरीत असताना मारता येईल, असं करू."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग त्या घराला अर्थ काय उरला? इतकी वर्षं खेळतेस आणि आज हे काय काढलंस?"

"सहज सुचलं."

"घाबरलीस तू. मलाही धाकधूक आहेच की." आणि ते सोंगट्यांना पॉलिश करायला बसले. आठवडाभर ते पॉलिशच करत होते. घोड्यांच्या आयाळी त्यांनी नव्याने कोरल्या. तेव्हा सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. रोज संध्याकाळी ती उद्या सांगू म्हणायची.

कंपनीतून एकच बाई आल्या. चाळिशीच्या, साध्या, आवाज मऊ. नवे खेळ खेळून बघायचे आणि त्यांत कुठे फट आहे ते शोधायचं, हीच त्यांची नोकरी. पटावरून त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही." नवरा दाराला टेकून उभा होता, त्या दिवशी त्याने रजा घेतली होती. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सुनेला तिकडे बघवेना.

"पहिली खेळी तुमची," सासरे म्हणाले.

पहिला डाव बाई हरल्या. सासऱ्यांनी हत्ती पाठीमागून आणला तेव्हा त्या मनापासून हसल्या. नवराही हसला. सून सरबताचे ग्लास भरायला आत गेली, आणि तिला क्षणभर वाटलं की निभावलं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा दुसरा डाव सुरू झाला होता. बाई बराच वेळ पटाकडे बघत होत्या. मग त्यांनी वजीर उचलला आणि सासऱ्यांच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला.

"नको," सून म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "काय?"

"काही नाही. सरबत."

सासऱ्यांनी वजीर घेतला. "बाई, फुकट गेला की तुमचा," ते जरा हळहळूनच म्हणाले. मग घोडा विहिरीत उतरला. मग हत्ती निघाला. सासरे पुढे वाकले. एक खेळी केली, ती मागे घेऊ का म्हणाले, बाई हो म्हणाल्या, त्यांनी दुसरी केली. तिचाही तोच शेवट.

बाईंनी घाई केली नाही. तिसरा डाव खेळल्या, चौथा खेळल्या, तोच वजीर, तोच घोडा. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हे होतं असं, आजोबा. शंभरातल्या नव्वद खेळांत होतं. म्हणूनच आम्हाला पाठवतात." सरबत त्यांनी पूर्ण प्यायलं. निघताना त्या नवऱ्याला दारात हळूच म्हणाल्या, की शोभेची वस्तू म्हणून पट विकायचा झाला तर त्यांच्या ओळखीचं एक दुकान आहे.

त्या रात्री कुणी काही बोललं नाही, पण त्या घरात ते नवीन नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून आली तर पट मांडलेला होता. सासऱ्यांनी खुर्ची सरकवली नाही. ती स्वतःच ओढून बसली.

"बाईंनी वजीर पुढे ठेवला तेव्हाच तू 'नको' म्हणालीस," ते म्हणाले. "घोडा नंतर हलला."

तिने समोरचा वजीर घरात नीट सरकवला.

"कधीपासून?"

"तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

त्यांनी मनात हिशेब केला असावा. ओठ हलले. "सातआठ वर्षं झाली त्याला."

"हो."

"खेळ. जसं येतं तसं खेळ."

ती खेळली. मात झाली. त्यांनी मुकाट्याने सोंगट्या पुन्हा लावल्या. पुन्हा मात. मग त्यांनी पट फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर माणूस असताना स्वतः पहिली खेळी केली. वजीर दिला, घोडा उतरवला, हत्ती फिरवला. ती हरली. दोघांनाही त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

"मी जिंकायचो ते?"

"ते खरं होतं, मामंजी. मी तेवढी एक वाट सोडून बाकी सगळं जीव लावून खेळायचे."

"म्हणजे तू सोडायचीस म्हणून मी जिंकायचो."

तिला सांगायचं होतं की मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प बसले. तिने तसं सांगितलंही, तुटक तुटक, दुपारींबद्दल, कुणी काही विचारण्याबद्दल. ते ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तेव्हाच सांगितलं असतंस तर माझ्याकडे वेळ होता," एवढंच ते म्हणाले. "तेव्हा हातही चालत होते. दुसरा केला असता."

मग ते दुरुस्तीला लागले. विहिरीतल्याला मारायची मुभा दिली, तर विहिरीत कुणी उतरेचना. हत्ती एकमेकांच्या मागे नुसते फेऱ्या घालत राहिले आणि डाव संपेना. विहीर लाकडाची चकती ठोकून बंद केली, तर राजाला कोंडताच येईना. घोडे काढून टाकले, कडी वाढवली, सुरुवातीची मांडणी उलटी केली. दुपारी ती आली की ते नवा नियम सांगायचे आणि ती खेळायची. आता काही लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. फट दिसली की ती तिथेच बोट ठेवायची. ते मान हलवायचे आणि सोंगट्या उचलायचे. गप्पा होत नव्हत्या. "तुला काय वाटतं?" आता ते विचारत नव्हते; तिला काय दिसतं एवढंच विचारायचे, दुकानात काच दाखवून विचारावं तसं.

गॅलरीत एकदा त्यांनी नवी चकती लेथवर चढवली आणि पकड सुटून छिन्नी सरकली. बोट वाचलं, नख गेलं. नवऱ्याने मशीनची वायर काढून ठेवली. खालच्या बाई विचारायला वर आल्या, आजोबा बरे आहेत ना, आवाज येत नाही हल्ली.

"मी त्या कंपनीच्या बाईला बोलावलं नसतं तर हे झालं नसतं," नवरा एका रात्री अंधारात म्हणाला. इतक्या वर्षांत तो आपण होऊन मनातलं काही बोलला ते हे. तिला वाटलं, आता सांगावं; चूक तुमची नाही, ती फट मला आधीच ठाऊक होती. तिने हात पुढे केला आणि त्याच्या दंडावर ठेवला. तो कूस बदलून झोपला. सांगायचं राहिलं, आणि सासऱ्यांनीही त्याला कधी सांगितलं नाही. तो अजून स्वतःलाच दोष देतो.

पुढे तिने पगारातून एक साधा चौकोनी पट आणला. दुकानात मिळतो तसा, पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकच्या सोंगट्यांचा.

"मामंजी, हा लाखो लोकांनी खेळून पाहिलाय. यात फट नाही."

त्यांनी सोंगटी उचलली, तिचं वजन पाहिलं, खाली ठेवली. पण खेळायला बसले. पहिला डाव त्यांनी जिंकला. ती खरोखर हरली होती. चौकोनी पट तिला नवाच होता, कोपऱ्यात तिचा राजा सापडला आणि तिला सुटता आलं नाही. त्यांनी शह दिला आणि पटाकडे न बघता तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"हरलीस?"

"हरले, मामंजी. शपथ घेऊ?"

"नको. शपथ कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती जीव तोडून खेळली आणि जिंकली, त्यांना पटावं म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "हं. म्हणजे काल सोडलं होतंस." तिसऱ्या दिवशी डाव अर्धा झाला असताना त्यांची एक चांगली खेळी पडली. पूर्वी अशा खेळीनंतर ते मांडीवर थाप मारायचे. या वेळी ते आपल्याच खेळीकडे संशयाने बघत बसले, मग म्हणाले, "राहू दे. डोळे दुखतात."

तिने सोंगट्या डबीत भरल्या. चहा ठेवू का, असं विचारलं. ते ठेव म्हणाले. तिने चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि थोडा वेळ समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. मग संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली, तशी ती उठून आत गेली.